दोष यंत्राचा की आज्ञेचा?

फोनच्या पडद्यावर ‘जोडणी होत आहे’ ही अक्षरे तासन्‌तास फिरत राहावीत आणि जोडणी मात्र होऊ नये, हा अनुभव आता केवळ शहरी तरुणांचा राहिलेला नाही. घरून कचेरीचे काम करणारा म्हापशाचा कारकून, परदेशी विद्यापीठाचे ग्रंथभांडार पाहू इच्छिणारी मडगावची विद्यार्थिनी, आखाती देशात नोकरीस असलेल्या मुलाला चवथीच्या दिवशी माटोळीखालचा गणपती दाखवू पाहणारी फोंड्याची आई, अशा अनेकांच्या दिनक्रमात व्हीपीएन नावाचे हे साधन शिरले आहे. ते चालेनासे झाले की माणूस गोंधळतो आणि गोंधळलेला माणूस हाती लागेल त्या उपायाच्या मागे धावतो. म्हणूनच या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाचा येथे परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे. आपले पत्र एका पाकिटात बंद करावे, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून परगावच्या विश्वासू माणसाकडे पाठवावे आणि त्याने ते पुढे रवाना करावे, असा हा प्रकार आहे. गावच्या टपालवाल्यास बाहेरचा पत्ता तेवढा दिसतो. आतील मजकूर दिसत नाही व अंतिम ठिकाणही कळत नाही. भारतात हे साधन वापरणे हा स्वतः होऊन गुन्हा नाही.

जोडणी न होण्याची कारणे बहुधा साधी असतात. फोनमधील तारीख व वेळ चुकीची असेल तर समोरच्या यंत्राचे प्रमाणपत्र मुदतबाह्य ठरून जोडणी नाकारली जाते. एका वेळी एकच व्हीपीएन चालू शकते. दुसरे आधीच चालू असेल तर नवे अडते. बॅटरी वाचविण्याची योजना पडद्याआडचे ॲप बंद पाडते. हॉटेलातील किंवा विमानतळावरील वायफायला प्रथम नाव व क्रमांक नोंदवावा लागतो. ते न करता व्हीपीएन सुरू केले तर नोंदणीचे पानच उघडत नाही. वर्गणीची मुदत संपणे, ॲपची आवृत्ती जुनी होणे, निवडलेल्या शहरातील यंत्रावर गर्दी होणे ही आणखी काही कारणे. तेव्हा एकेक गोष्ट क्रमाने तपासावी. वायफाय बंद करून सिमकार्डाच्या जोडणीवर पाहावे. एकीवर चालले व दुसरीवर नाही, तर दोष फोनात नसून त्या जाळ्यात आहे. काही जाळी यूडीपी पद्धतीची वाहतूक अडवितात. अशा वेळी ॲपमधील पर्याय बदलून टीसीपी पद्धत निवडल्यास मार्ग मोकळा होतो.

या चौकशीस लागणारा धीर नसला की फुकटच्या अनोळखी ॲपचा मोह होतो, आणि खरा धोका तेथे आहे. गावच्या टपालवाल्यापासून जे लपविले ते सारे आता त्या मधल्या माणसाच्या हाती जाते. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या व अन्य संशोधकांनी २०१६ साली अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन ॲपे तपासली. त्यांपैकी ३८ टक्क्यांत घातक प्रोग्रॅमची चिन्हे आढळली, तर १८ टक्के ॲपे वाहतूक सांकेतिक करीतच नव्हती. ज्याचा मालक ठाऊक नाही त्याच्या हाती घराची किल्ली देण्यासारखेच हे आहे.

परंतु सर्व उपाय करूनही जोडणी झाली नाही, तर? येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही. तो राज्यव्यवहाराचा होतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते इत्यादी तपशील पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक झाले. त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी आपली यंत्रे भारतातून हलविली. आज ॲपमध्ये ‘भारत’ निवडणाऱ्या ग्राहकाची जोडणी प्रत्यक्षात सिंगापूरच्या यंत्राशी होत असण्याचा संभव आहे. जानेवारी २०२५ मध्ये काही व्हीपीएन ॲपे भारतातील ॲपविक्रीच्या दालनांतून काढून टाकली गेल्याचे वृत्त आले. त्याच वर्षी जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत दंडाधिकाऱ्यांनी या साधनावर तात्पुरती बंदी घातली.

गुन्हेगार व दहशतवादी या आडोशाचा फायदा घेतात, हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. संकटकाळी काही निर्बंध अपरिहार्य असू शकतात, हेही आम्ही मान्य करतो. आमचा आक्षेप निर्बंधापेक्षा त्याच्या अबोलपणावर आहे. काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी निःसंदिग्धपणे सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असता कामा नये. म्हणजे संपूर्ण इंटरनेट बंद करणाऱ्या सरकारवर जाहीर करण्याचे बंधन आहे. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली एखादे संकेतस्थळ वा ॲप रोखले गेले, तर २००९ च्या नियमांतील सोळावा नियम तक्रार व कारवाई यांबाबत कडक गुप्तता पाळावयास सांगतो. मोठे दार बंद करताना दवंडी आणि खिडकी बंद करताना मौन, ही विसंगती नव्हे काय?

संयुक्त अरब अमिरातीसारख्या राजवटीतही कायदा निदान लिहिलेला आहे. गुन्हा करण्यासाठी किंवा तो दडविण्यासाठी अशा साधनाचा वापर केल्यास २०२१ च्या कायद्यान्वये पाच लाख ते वीस लाख दिरहॅम दंड आहे. तेथे असलेल्या आपल्या मुलांनी त्या सरकारने संमती दिलेल्या मार्गांनीच घरी बोलावे, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

गोमंतकीयांना या प्रश्नाचे मर्म वेगळे समजावून द्यावयास नको. सालाझारशाहीत लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेलाही सेन्सॉरची अनुमती लागत असे. त्या मुस्कटदाबीस उत्तर म्हणून १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सरहद्दीवरील रानांतून स्वातंत्र्याचा आवाज आकाशवाटेने घरोघरी पोहोचविला. पण त्या जुलमी राजवटीतही आपला आवाज कोणी दाबला हे जनतेला ठाऊक होते. सेन्सॉरचा शिक्का कागदावर उमटत असे. आजच्या लोकशाहीत पडद्यावर केवळ एक वर्तुळ फिरत राहते, आणि नागरिक स्वतःच्या फोनला दोष देत बसतो.

म्हणून आमची मागणी माफक आहे. ज्या पानावर वा ॲपवर बंदी असेल, ते उघडू पाहणाऱ्यास कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याच्या आदेशाने व कोणत्या मुदतीपर्यंत ते रोखले आहे, हे स्वच्छ मराठीत, कोकणीत, हिंदीत दिसावे आणि दाद कोठे मागावयाची तेही कळावे. तपासाच्या दृष्टीने खरोखरच गोपनीय असलेली प्रकरणे अपवाद म्हणून वगळावीत. पण अपवादाचा नियम होऊ नये. फोनचे घड्याळ सुधारणे नागरिकाच्या हाती आहे आणि ते त्याने करावे. परंतु अडथळा आज्ञेचा असेल, तर तसे त्याला सांगणे हे सरकारचे कर्तव्य आहे. ज्या आदेशाचे अस्तित्वच कळत नाही, त्याविरुद्ध न्यायालयाची पायरी चढणार तरी कोण?