शब्द छापले, चाल राहिली

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांची चाल कोणती, असे जळगावात कुणालाही विचारा. जी चाल गुणगुणली जाईल ती बहुधा वसंत पवारांची, 1961 च्या ‘मानिनी’तली, नाहीतर यशवंत देवांची, उत्तरा केळकरांच्या आवाजातली. दोन्ही गोड आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण असोद्याची ही लेक जात्याच्या खुंट्याला हात घालून जे गात होती, ते हे नव्हे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने गाणी उतरवून घेतली म्हणून वाचली. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. महाराष्ट्राला कवयित्री मिळाली, गाणारी बाई मात्र पुस्तकाबाहेरच राहिली.

कागदाची एवढी चैन असलेल्या युरोपातही असे घडते. प्रागचा इग्नात्स मोशेलेस हा मेंडेल्सोनचा स्नेही आणि त्या काळचा नामांकित पियानोवादक. पुढे तो लायप्झिगला, म्हणजे संगीत छापणाऱ्यांच्या गावीच, स्थायिक झाला. त्याने पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्या जुगलबंदीच्या आठ रचना केल्या. आठवी तुटक स्वरूपात हाती आली आहे. तिच्या ऑर्केस्ट्राचा एकही कागद उरलेला नाही. त्यांचा साजिंदा हरवला, आपला सूरच.

म्हणून आता ही चालही कागदावर उतरवायला हवी. चाल काही एकच नसते, बाईगणिक वळण बदलते, मग लिहायची कुठली, असे जाणकार विचारतील. चार बायकांच्या चार लिहाव्यात. भातखंड्यांनी एकेका रागाच्या कितीतरी बंदिशी स्वरलिपीसह छापल्याच ना! जात्याच्या घरघरीवर आवाज घेतो तो हेलकावा स्वरलिपीत पुरता उतरणार नाही, हे मान्य. त्यासाठी सोबत ध्वनिमुद्रण हवे, आणि गाणारीचे माहेर कुठले, चाल कुणाकडून घेतली, याची नोंदही हवी.

पिठाची गिरणी आली आणि जात्यावरची ओवी गेली. तिच्यासाठी आता उशीर झाला आहे. खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांसाठी अजून झालेला नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात आणि सत्तरीतल्या बायका रात्र जागवतात. एक उचलते, बाकीच्या झेलतात. फक्त गल्लीच्या तोंडाशी डीजे लागला की त्यांचा आवाज ओसरीही ओलांडत नाही.

धुळ्याने इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पश्चात त्यांची दप्तरे संशोधन मंडळात जपली. कागद कसा सांभाळावा हे त्या गावाला शिकवायला नको. जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाईंचे नाव आहे. येत्या श्रावणात दोघांनी मिळून स्वरलिपी जाणणारा एक शिक्षक आणि ध्वनिमुद्रक घेतलेला एक विद्यार्थी गल्लोगल्ली पाठवावा. खर्च नामविस्ताराच्या फलकांहून कमीच येईल.