सातबारा नसलेल्यांची शेती कोण वाचवणार?

"शेती वाचवा" ही घोषणा जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्याला आता पाठ झाली आहे. 2024 मध्ये सुमारे 213 किलोमीटरच्या पुणे-नाशिक औद्योगिक महामार्गाचा प्रस्ताव पुढे आला आणि जुन्नर, आंबेगाव, खेड या तिन्ही तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. विरोध रास्त होता. पिंपळवंडीकडून नाशिक महामार्ग आधीच जातो. त्याच्या रुंदीकरणात आणि बाह्यवळणांत या पट्ट्यातल्या जमिनी आधीच गेल्या आहेत. द्राक्ष, टोमॅटो, कांदा, ऊस पिकवणाऱ्या रानातून आणखी एक रस्ता कशासाठी, हा प्रश्न कुणीही विचारेल.

माझा प्रश्न पुढचा आहे. या लढाईत बौद्धवाडा कुठे आहे? मातंग वस्ती कुठे आहे? मजुरीसाठी डोंगरातून खाली येणारा ठाकर आणि महादेव कोळी कुठे आहे?

आपल्या तरुणांशी बोललं की दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं, "आपली जमीनच नाही, मग आपल्याला काय?" दुसरं, "बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं. रस्ता आला, कारखाना आला तर बरंच आहे."

दुसरं उत्तर आधी तपासू. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचं गोडवे गाणाऱ्यांना सुनावलं, हे खरं. 1918 च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात शेतीवरचा माणसांचा बोजा कमी करायला उद्योग वाढले पाहिजेत असं त्यांनी मांडलं, हेही खरं. पण जमिनीचा प्रश्न त्यांनी कधी सोडला? 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक कुणी आणलं? 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक कुणी मांडलं? 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिकपणे कसायला द्या, म्हणजे कुणी जमीनदार, कुणी कूळ, कुणी भूमिहीन उरणार नाही, ही मागणी कुणाची? त्यांच्यानंतर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964-65 मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले आणि त्यासाठी आपल्या माणसांनी तुरुंग भरले. ही सगळी माणसं जमीन मागत होती. जमिनीवरून उठून जायला नव्हे.

राहिला कारखाना. याच महामार्गावर चाकण आहे. तिथे आपली मुलं कामाला जातात, चांगलंच आहे. त्यातली किती कायम आहेत आणि किती ठेकेदाराकडे, हे आपापल्या वस्तीत एकदा मोजून पाहा. आणि नुसता रस्ता गावातून गेला म्हणून गावात कारखाना येत नाही. बंदिस्त द्रुतगती मार्गावर तर गावाला चढायलाही जागा नसते.

आता पहिलं उत्तर. "आपल्याला काय?" आपल्याला मजुरी आहे. द्राक्षाची विरळणी, टोमॅटोची तोडणी, कांद्याची लागण, खुरपणी ही कामं करणारे हात बहुतेक बायकांचे आणि बहुतेक भूमिहीनांचे आहेत. एकर गेला की मालकाला सातबाऱ्याप्रमाणे मोबदला मिळतो. त्याच एकरावर पंधरा वर्षं खुरपणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं. तिची रोजची मजुरी बंद होते आणि त्याची नोंदही होत नाही.

कायदा मात्र तिला ओळखतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 3 मध्ये 'बाधित कुटुंब' या व्याख्येत शेतमजूर, कूळ आणि वाटेकरीही आहेत. संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात काम असावं आणि मुख्य उपजीविका त्यावर असावी, एवढी अट. अशा कुटुंबाला नोकरी, किंवा एकरकमी 5 लाख रुपये, किंवा वीस वर्षं दरमहा किमान 2000 रुपये, अशी तरतूद दुसऱ्या अनुसूचीत आहे. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे?

या कायद्याला पळवाटाही आहेत. ओलिताखालची बहुपीक जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी, असं कलम 10 म्हणतं, पण रस्ते, रेल्वे, कालवे अशा लांबट प्रकल्पांना त्यातून वगळलं आहे. 2018 मध्ये राज्याने दुरुस्ती करून पायाभूत सुविधा आणि औद्योगिक कॉरिडॉरसारख्या प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकनातून सूट देण्याची वाट काढली. शेतमजूर मोजला जायचा तो याच मूल्यांकनात. मूल्यांकन नाही म्हणजे मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणजे मजूर नाही!

याच तालुक्यातलं एक उदाहरण घ्या. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीजवळून जाणार होती. रेल्वेमुळे दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, असा आक्षेप आला आणि मार्ग बदलायचं ठरलं. विज्ञानाची कदर झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका दुर्बिणीसाठी रेल्वे वळू शकते, तर शेतमजुरांच्या वस्तीसाठी निदान एक सर्वेक्षण का होऊ शकत नाही?

आता दोन शब्द बागायतदार बांधवांसाठी. पिंपळवंडीच्या आसपासची रानं आज हिरवी आहेत ती कुकडी प्रकल्पामुळे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं सरकारी पैशातून झाली. डिंभ्याच्या पाण्याखाली आंबेगाव तालुक्यातल्या आदिवासींची गावं गेली. म्हणजे तुमच्या बांधावरच्या पाण्यात सगळ्या समाजाचा पैसा आहे आणि विस्थापितांचं घरदार आहे. ती जमीन सरकारने ओरबाडू नये, हे आम्ही तुमच्या बरोबरीने म्हणू. पण तीच जमीन गुंठेवारी करून प्लॉटिंगवाल्याला विकताना "माझी जमीन, माझा हक्क" म्हणायचं आणि रस्ता आला की "काळी आई" म्हणायचं, हे कसं चालेल?

आणि आमच्या जमिनीचं काय? भूमिहीनाने पोटासाठी कसलेलं गायरान म्हणजे 'अतिक्रमण'. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्यभर नोटिसांची धास्ती कुणी घेतली? त्याच गायरानावर सौर प्रकल्प आला की तो 'विकास' होतो. महार वतनाचंही तेच. 1958 च्या कायद्याने वतनं गेली आणि जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरीही 2025 मध्ये पुण्याच्या मुंढव्यात सुमारे 40 एकर महार वतनाच्या जमिनीचा 300 कोटींचा व्यवहार गाजलाच. शहराजवळ हे होतं, तर महामार्गाकडेच्या वतनांवर कुणाचा डोळा नसेल, असं समजू नका.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शेती वाचवण्याच्या लढ्यात आपण उतरायचं, पण कुणाच्या मोर्चाची गर्दी म्हणून नाही. आपल्या मागण्या घेऊन उतरायचं. त्यासाठी तीन कामं आजपासून करता येतील.

एक, वस्तीतल्या प्रत्येक शेतमजूर कुटुंबाची यादी करा: कुणाच्या शेतात, किती वर्षं, कुठलं काम. रेशनकार्ड, जॉबकार्ड जोडा. ती यादी ग्रामसभेत ठेवून ठराव करून घ्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभांना आपण गेलोच नाही, तर ठराव कोण लिहिणार?

दोन, तलाठ्याकडून गाव नमुना 1-ई ची नक्कल काढा आणि गायरान कसणाऱ्यांची नोंद आहे का ते पाहा. 14 एप्रिल 1990 पूर्वीच्या कब्जाचे पुरावे एकत्र करा.

तीन, गावातल्या वतन जमिनींचे सातबारे आणि फेरफार काढून आज त्या कुणाच्या नावावर आहेत ते तपासा.

बागायतदारांची समिती या मागण्या आपल्या निवेदनात घेणार असेल, तर खांद्याला खांदा लावू. घेणार नसेल, तर आपलं निवेदन आपण वेगळं देऊ. जमीन वाचली आणि तिच्यावर राबणारा तसाच भूमिहीन, तसाच बेनाव राहिला, तर वाचली कुणाची शेती?

जय भीम!