न्यायसंस्था कोणाची?

न्यायसंस्था हा राज्ययंत्रणेचाच एक भाग आहे. वर्गविभागलेल्या समाजात न्यायासनही मालमत्तेच्या बाजूला झुकते, हा भारतीय जनतेचा अनुभव आहे. जुलै १९६९ मध्ये १४ बड्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. संस्थानिकांची मान्यता काढून घेणारे राष्ट्रपतींचे आदेशही त्याच वर्षी १५ डिसेंबरला रद्दबातल झाले.

परंतु यावर उपाय कोणता? तनखे अखेर गेले ते १९७१ च्या निवडणुकीत प्रकट झालेल्या जनमताच्या बळावर, संसदेने केलेल्या २६ व्या घटनादुरुस्तीने. हा लोकशाहीचा मार्ग होता. सरकारने मात्र आणखी एक मार्ग धरला. संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असा निर्णय २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात लागला. त्यानंतर लगेच न्यायमूर्ती शेलाट, हेगडे व ग्रोव्हर यांची ज्येष्ठता डावलून न्या. अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. न्यायाधीशांची सामाजिक दृष्टी पाहिली पाहिजे, असे त्याचे समर्थन झाले. युक्तिवाद पुरोगामी वाटणारा होता. अनेकांना तो पटलाही.

त्याची किंमत तीन वर्षांत चुकवावी लागली. आणीबाणीतील स्थानबद्धांना बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो, असे नऊ उच्च न्यायालयांनी मानले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी न्या. राय यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते दार बंद केले. विरोधात उभे राहिले एकटे न्या. हंसराज खन्ना, जानेवारी १९७७ मध्ये त्यांचीही ज्येष्ठता डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे मोडीत काढला तो २०१७ साली.

यातून धडा एकच. धनिकांकडे झुकणाऱ्या न्यायासनाला सरकारपुढे वाकविल्याने ते जनतेचे होत नाही. श्रमिकांच्या हाती असलेली अखेरची ढाल मात्र निसटते. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १० जुलै १९८५ रोजी न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण झोपड्या हटविण्यास मुभाही दिली. न्यायालयाने तत्त्व मान्य केले तरी डोक्यावरचे छप्पर संघटित लढ्यानेच टिकते.

हा प्रश्न आजही जिवंत आहे. सरकारला नेमणुकांत वाटा देणारा न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ साली रद्द झाला आणि न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची बंद दाराआडची पद्धत कायम राहिली. एकीकडे मंत्र्यांची मर्जी, दुसरीकडे मूठभरांची गुप्तता. जनतेला दोन्ही नकोत. इकडे २०२२ अखेर देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते. त्यांत दलित, आदिवासी व मुसलमान यांचा भरणा मोठा. जामिनाची रक्कम नाही म्हणून गरीब आत, आणि वकिलांची फौज पदरी असलेला धनदांडगा बाहेर!

म्हणून नेमणुकांसाठी स्वतंत्र व पारदर्शक आयोग, कच्च्या कैद्यांची त्वरित सुटका आणि गरिबांना खरीखुरी मोफत कायदेशीर मदत, या मागण्या कामगार-शेतकरी चळवळीच्या मागण्या झाल्या पाहिजेत. न्यायालयाच्या वर्गीय कलावर टीका करणे आणि त्याच्या स्वातंत्र्याचे रक्षण करणे, ही दोन्ही कामे लोकशाही शक्तींना एकाच वेळी पार पाडावी लागतील.