अंगठा तयार, रेंज कुठाय?

रेशनच्या दुकानापुढची रांग आता धान्य संपेल या धास्तीने लागत नाही. धान्य आत असतं, पोत्यांच्या थप्प्या बाहेरून दिसतात. रांग लागते ती रेंजसाठी. ‘सर्व्हर डाऊन आहे, चारनंतर या’ हे वाक्य आमच्या तालुक्याच्या गावात इतकं रुळलंय, की गृहपाठ झाला नाही तर शाळेतली पोरंही बाईंना तेच ऐकवतात!

ई-पॉस मशीन आलं ते चांगलंच झालं, असं मी आजही म्हणेन. आपल्या नावावरचं धान्य परस्पर कुणी उचलायचं, त्याला बराच चाप बसला. काम सोपं आहे. अंगठा ठेवला की ठसा नेटवरून आधारच्या यंत्रणेकडे जातो, तिकडून ‘हो, हीच ती’ असं उत्तर येतं आणि पावती निघते. निरोप एवढासा असतो. मोबाइलवर सिनेमा बघायला लागतो तसला वेग त्याला नकोच, फक्त मधेच तुटणार नाही अशी वाट हवी. नेमकी तीच नसते. मग अंगठा पुसा, पदराला घासा, पुन्हा ठेवा. भांडी घासून आणि खुरपणी करून बोटांच्या रेषा आधीच झिजलेल्या. ठसा उमटला नाही की रेंज गेली, हेसुद्धा बाईला कळत नाही. ती आपली ओशाळून पुन्हा अंगठा पुसते.

हेलपाटा कुणाला पडतो, ते मैत्रिणींनो तुम्हाला सांगायला नको. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो. पण पिशवी घेऊन जाते बहुतेक घरची बाईच. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातल्या 18 वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीला रेशनकार्डापुरतं कुटुंबप्रमुख केलं. मान मिळाला, रांगही मिळाली. याच कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य ठरवून दिलं. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. आता हिशेब करा. चौघांच्या घराला 20 किलो. त्यासाठी रोजाने जाणाऱ्या बाईचे दोन दिवस बुडाले, तर हे धान्य फुकट कसलं? दोन दिवसांची मजुरी मोजूनच तिने ते घरी आणलं.

‘नेटचं काय आपल्या हातात असतं का?’ असं म्हणून आपण गप्प बसतो, ते मला पटत नाही. मुख्य सर्व्हरच बंद पडला तर दुकानदार काही करू शकत नाही, हे खरं. पण दर वेळी सर्व्हरच बंद असतो असं नाही. आमच्या दुकानाला वाय-फाय घेतलेलं होतं. त्याचा राउटर ठेवला होता आतल्या खोलीत, जमिनीवर, गव्हाच्या थप्पीमागे. वर पत्रे, पुढे लोखंडी शटर. पत्रा आणि लोखंड या लहरी अडवतात, धान्याची भरगच्च पोतीही त्यातल्या बऱ्याच गिळतात. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिनेच तो राउटर उचलून काउंटरजवळ, डोक्याच्या वर भिंतीवर लावायला सांगितलं. खर्च दोन खिळ्यांचा! ती आणखी एक सांगते, की राउटरवर 2.4 आणि 5 अशी दोन नावं दिसत असतील तर भिंतीआडून 2.4 वालं जास्त लांब पोचतं. राउटरला छोटी बॅटरी जोडली तर लाइट गेल्यावरही तो चालू राहतो. ती हजार-दोन हजारांत येते. मशीन सिमवरच चालत असेल, तर त्या गल्लीत ज्या कंपनीची रेंज धड आहे तिचं सिम मागायला हवं, आणि ते पुरवठा विभागाने बघायचं.

यात दुकानदाराला शिव्या घालण्यात अर्थ नाही. दिवसभर तोही लोकांची बोलणी खात असतो. माझं म्हणणं वेगळंच आहे. दुकानातल्या काट्याला वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो, कारण माप मारलं तर गिऱ्हाइकाचं नुकसान. मग रेंज नसल्यामुळे रिकामी पिशवी घेऊन परतणाऱ्या बाईचं नुकसान होत नाही का? काटा तपासतात तशी दुकानातली रेंजही तपासा, आणि तिचा खर्च सरकारने उचलावा.

आणि रेंज सुधारेपर्यंत? ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना कळवलंय, की नेट नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून कुणालाही धान्य नाकारायचं नाही. कार्ड बघायचं, वेगळ्या रजिस्टरात नोंद करायची आणि धान्य द्यायचं. किती जणींना हे ठाऊक आहे? 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. आज रजिस्टर मागायला लाटणंही लागणार नाही. दुकानावर दक्षता समिती असते, तिच्या बैठकीला चौघी-पाचजणी मिळून जा. दुकानदार ऐकत नसेल तर 1967 या हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आमच्याकडे राउटर वर गेल्यापासून सकाळची रांग बरीच भराभर सरकते. दुपारी मात्र अजून अडतं. ते सिमचं दुखणं असावं, असं ती क्लासवाली म्हणते. अर्ज लिहून झालाय, त्यावर अकराजणींच्या सह्या आहेत आणि तिघींचे अंगठे.