वस्तऱ्याचे पाणी

सीमाभागातील मराठीची चर्चा बहुधा दुकानांच्या पाट्या, शाळांचे वर्ग आणि सरकारी परिपत्रके या तीन विषयांभोवती फिरते. ती आवश्यक आहे आणि आम्हीही ती करीत आलो आहोत. परंतु भाषेचा मोठा संसार कचेरीबाहेर, हातांच्या कामांत चालतो. तेथून एखादा शब्द निघून गेला तर निवेदन दिले जात नाही की मोर्चा निघत नाही. म्हणून आज एका हत्याराविषयी लिहितो: न्हाव्याच्या धोकटीतला घडीचा वस्तरा.

जुने वस्तरे मिळवून ते पुन्हा वापरण्याजोगे करण्याचा छंद जगभर आहे आणि तो आपल्याकडेही आला आहे. इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन येथील जुन्या पात्यांना त्यात विशेष मान असतो. मात्र हा छंद आपल्याकडे येताना आपली परिभाषाही सोबत घेऊन आला. होनिंग, स्ट्रॉपिंग, स्केल्स, पिनिंग असे शब्द छंदिष्टांच्या तोंडी सहज बसले. इंग्रजी शब्दांचे आम्हाला वावडे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की याच कामाची मराठी या गावांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली आहे आणि ती न विचारताच बाजूला पडते आहे.

ही मराठी केवळ नावांची यादी नाही. तीत कामाचे ज्ञान साठलेले आहे. पोलाद तापवून विझवले की ते कठीण होते. आपले कारागीर याला पाणी देणे म्हणतात. वस्तऱ्याचे पाते धारेकडे अतिशय पातळ असते. गंज काढण्यासाठी ते विजेच्या चाकावर धरले, तर क्षणात तापते. पोलाद सुमारे 300 अंश सेल्सियसपर्यंत तापले की त्यावर निळी झाक येते, आणि मग त्या पात्यावर धार टिकत नाही. पाते दिसायला चकचकीत असते, पण त्याचे पाणी उतरलेले असते. हा वाक्प्रचार आपण माणसांविषयी रोज वापरतो. तो मुळात काय सांगतो हे ज्याला ठाऊक आहे, तो जुने पाते चाकावर धरण्यापूर्वी थांबेल आणि पाणी लावून, बारीक कागदाने, हाताने घाशीत बसेल.

धारेचेही तसेच. निसण्यावर वस्तरा आडवा ठेवतात तेव्हा पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात, आणि पाठीच्या जाडीवरून धारेचा कोन ठरतो. म्हणून शोभेसाठी पाठ घासून काढणारा मनुष्य नकळत धारच बिघडवीत असतो. दगडावर पाते धारेच्या दिशेने पुढे सरकते, चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने. हा क्रम चुकला तर पट्टा कापला जातो. मुठीच्या दोन फळ्या शिंगाच्या, हाडाच्या, शिसवी लाकडाच्या वा सेल्युलॉइडच्या असतात आणि पितळी खिळ्यांनी जोडलेल्या असतात. शिंग कोरडे पडून चिरते, त्याला किडाही लागतो; पण तेल पाजून व गरम पाण्यात मऊ करून वाकलेली फळी पुष्कळदा सरळ करता येते. सेल्युलॉइड मात्र सडू लागले की त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वायूने पातेच गंजते. अशी मूठ बदलावीच लागते. काय राखावे आणि काय बदलावे, याचा विवेक हाच या कामाचा गाभा आहे.

जाणकार दुरुस्ती करणारा आणखी एक गोष्ट पाळतो. पात्याच्या बुडाशी असलेला कारखान्याचा छाप तो घासून टाकीत नाही, कारण तो गेला तर पाते कोठले आणि कोणत्या काळातले, हे सांगणारी खूण जाते. भाषेविषयी आम्ही हेच म्हणू इच्छितो. वस्तरा हा शब्द फारसी ‘उस्तुरा’वरून आला. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदीत आणि हैदराबादच्या दखनीत तो उस्तरा आहे, वडोदऱ्याच्या गुजरातीत अस्त्रो. त्याच्याच शेजारी क्षौर हा शब्द संस्कृत ‘क्षुर’पासून आलेला, आणि आपली स्वयंपाकघरातली सुरीही त्याच कुळातली. न्हावी या एका माणसाला गोव्यात म्हालो म्हणतात, मराठवाड्यात वारीक म्हणतात. कर्नाटकात या समाजाचे नाव हडपद. बाराव्या शतकातील शरण हडपद अप्पण्णांमुळे ते आदराचे झाले. हे सगळे शब्द म्हणजे पात्यावरचे छाप आहेत. शुद्धीच्या उत्साहाने ते घासून काढले, तर हाती उरेल ते चकाकणारे पण गाव नसलेले पाते.

कन्नडशी आमचा झगडा हक्कांचा आहे, शब्दांचा नाही. याचे उत्तम उदाहरण पोलादच देते. दक्षिण भारतातील प्रसिद्ध पोलादाला युरोपात ‘वूट्झ’ म्हणत. हे नाव कन्नड ‘उक्कु’ या शब्दावरून आले, असे अनेक अभ्यासक मानतात. लंडनमधील हत्यारे बनविणारा जेम्स स्टोडार्ट या पोलादावर लुब्ध होता. 1820 च्या सुमारास त्याने आणि मायकेल फॅरडे यांनी मिळून पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. त्यामागे या भारतीय पोलादाचे कुतूहल होते. अशा पोलादाचे वस्तरेही तयार झाले. म्हणजे इंग्रजी वस्तऱ्याच्या इतिहासात एक कन्नड शब्द बसलेला आहे. तो आम्ही झाकून का ठेवावा?

एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. धोकटीतले शब्द हरवले ते केवळ इंग्रजीमुळे किंवा सरकारी धोरणामुळे नव्हे. संसर्गाच्या, विशेषतः एड्सच्या भीतीने दुकानांत बदलत्या ब्लेडचे वस्तरे आले, ते योग्यच झाले. पण त्याआधीपासून मराठी समाजाने या धंद्याचे शब्द शिवीसारखे वापरले. हजाम हा मूळ अरबीत तुंबडी लावून रक्त काढणाऱ्या वैदूचा शब्द. आपण त्याला हिणवण्याचा शब्द केला. एखाद्याचा पाणउतारा झाला की त्याची बिनपाण्याने झाली, असे आपण हसत म्हणतो. ज्या घरांतील मुलांना हे ऐकावे लागले, त्यांनी बापाच्या धोकटीतले शब्द मागे टाकले, तर त्यांना भाषाप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार आम्हाला नाही.

याच वस्तऱ्याचा एक अभिमानाचा इतिहासही आहे, आणि तो सांगण्यात आपण कमी पडलो. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. ज्यांच्या मिळकतीचा तो भाग होता, त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. मराठीच्या पाठ्यपुस्तकांत सुधारकांच्या लेखण्यांना जागा मिळाली, तेवढी या वस्तऱ्यांना मिळाली नाही.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या भागांतील मंडळांनी धंद्यांचे शब्द गोळा करावेत. शब्द सांगणाऱ्याची संमती घ्यावी, त्याचे श्रेय त्याच्याच नावावर लिहावे आणि शेजारच्या कन्नड व कोंकणी शब्दांचीही नोंद करावी. आणि जुने वस्तरे जमविणाऱ्या तरुणांनी पाते विकत घेताना ते ज्याच्या धोकटीतून आले, त्याच्यापाशी तासभर बसावे. निसणा कसा धरायचा, पाणी उतरले हे कशावरून ओळखायचे, हे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. मोडलेला खिळा कधीही बदलता येतो. पण ज्याने आयुष्यभर वस्तरा चालवला, त्याला विचारायचे राहून गेले, तर ते पुढे भरून काढता येत नाही.