खुबा मोडल्यावरचे छत्तीस तास

पहाटे मोरीकडे जाताना आजीचा पाय घसरतो. उठता येत नाही. एक पाय आखूड दिसतो, पंजा बाहेर वळलेला. पुढचे आपल्याकडच्या अनेक घरांनी अनुभवले आहे. मुका मार असेल म्हणून दिवसभर शेक आणि लेप, मग हाडवैद्य, तिसऱ्या दिवशी एक्स-रे. त्यानंतर पायाला वजन लावून पलंगावर झोपवायचे. मुलगा पोहोचेपर्यंत, पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत, फिजिशियनचा ‘फिटनेस’ मिळेपर्यंत. आणि घरातलेच कोणीतरी विचारते, ‘या वयात ऑपरेशन कशाला?’

हा प्रश्न मायेपोटी येतो, म्हणूनच त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. वय झाले आहे म्हणूनच ऑपरेशन लवकर हवे. जीव बहुधा मोडलेल्या हाडाने जात नाही, अंथरुणाने जातो. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, माणूस भ्रमात जातो. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांतला एक वर्षभरात दगावतो. जे वाचतात, त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वीसारखे चालणे परत येत नाही.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्ण दाखल झाला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. अस्थिशल्यविशारदासोबत पहिल्यापासून वृद्धरोगतज्ज्ञ. वेदना तात्काळ आवरणे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी उभे करणे. रक्तदाब, साखर, रक्त पातळ करणारी गोळी अशा दुरुस्त होण्याजोग्या अडचणी तिथल्या तिथे सोडवा, त्यांच्या नावाखाली दिवस घालवू नका, असेही त्यांत सांगितले आहे. सूचना कागदावर राहिल्या नाहीत, याला कारण होते. २००७ पासून तिथे अशा रुग्णांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली होती आणि २०१० पासून इंग्लंडमध्ये छत्तीस तासांत शस्त्रक्रियेसह ठरलेले निकष पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा पैसे मिळू लागले होते. नोंद करणाऱ्या रुग्णालयांत तीस दिवसांच्या आतले मृत्यू २००७ मधील १०.९ टक्क्यांवरून २०११ मध्ये ८.५ टक्क्यांवर आले.

घाईलाही मर्यादा आहे, हे मान्य करायला हवे. भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निदानानंतर सुमारे सहा तासांत आणि सुमारे चोवीस तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांची तुलना होती. मृत्यूंत फरक पडला नाही. पण लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. म्हणजे मध्यरात्री धावपळ करून थिएटर उघडलेच पाहिजे असे नाही. पण ही सारी तुलना एका दिवसाच्या आतली आहे. आपल्याकडे बोलणे आठवड्याचे चालते.

खुब्यात रॉड टाकला, बॉल बदलला की उपचार संपले, ही समजूतही घातक आहे. हाड ठिसूळ झाले म्हणून मोडले, मग दुसरा खुबा कसा शाबूत राहणार? खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा शिरेतून दिलेल्या झोलेड्रोनिक अॅसिडमुळे नवीन अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ मध्येच दिसून आले. तरी आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर अनेकदा केवळ कॅल्शियमची गोळी असते.

पडण्यापूर्वीची काळजी आणखी स्वस्त आहे. वर्षातून एकदा ज्येष्ठांना ‘गेल्या वर्षात कधी पडलात का?’ एवढे विचारा, असे २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात. उत्तर ‘हो’ आले तर झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तपासा, डोळे बघा, तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम सुरू करा. आशा सेविकेला, परिचारिकेला हे विचारता येईल.

केंद्राने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचे संरक्षण दिले आहे. त्यामुळे पैशांचा अडसर काहीसा हलका झाला. वेळेची हमी मात्र कोणी दिलेली नाही. ती राज्य सरकारने द्यावी. जिल्हा आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत साठीपुढच्या खुब्याच्या प्रत्येक रुग्णापुढे दोनच रकाने भरावेत : दाखल झाल्याची वेळ आणि टेबलावर घेतल्याची वेळ. छत्तीस तास उलटले असतील तर कारणही लिहावे, मग ते इम्प्लांट न येणे असो, भूलतज्ज्ञ नसणे असो की मंजुरी रखडणे. दर तीन महिन्यांनी हे आकडे रुग्णालयानुसार जाहीर करावेत.