पार्ट मागवण्याआधी कॅबिनेट उघडा

गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, तेव्हा हल्ली सामानात एखादा कॉम्प्युटरही असतो. ऑफिसातून बाद झालेला, लॅमिंग्टन रोडवर झाडूनपुसून पुन्हा विकायला ठेवलेला, काळा चपटा डेल नाहीतर एचपी. काका पुतण्यासाठी आणतो, "अभ्यासाला होईल" म्हणून. अभ्यासाला तो होतोही. पण पुतण्या असतो पंधरा वर्षांचा, दिवाळीपर्यंत त्यावर गेम आलेला असतो. मग गेम अडकायला लागतो आणि घरात एकच घोषा: ग्राफिक कार्ड पाहिजे.

मंडणगड तालुक्यातल्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. ती मागणी उडवून लावू नका आणि लगेच पैसेही पाठवू नका. मशिनला नक्की काय कमी पडतंय ते आधी बघा, आणि बघायचं काम त्या मुलालाच द्या.

हे मी का सांगतो? एका मुलाने काजूच्या हंगामात बिया वेचून पैसे जमवले आणि जीटी 1030 हे कार्ड मागवलं. या नावाने दोन वेगवेगळी कार्डं विकली जातात. एकावर जीडीडीआर5 मेमरी असते, दुसऱ्यावर साधी डीडीआर4. पहिल्याची मेमरी सेकंदाला साधारण 48 जीबी माहिती हलवते, दुसऱ्याची जेमतेम 17. खोक्यावरचं नाव तेच, काम निम्म्याहून कमी. त्याच्या हाती दुसरं आलं. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या मशिनमध्ये रॅमची एकच चार जीबीची पट्टी होती, त्यामुळे चांगलं कार्ड आलं असतं तरी गेम अडकलाच असता. उन्हातान्हात जमवलेले पैसे असे जाताना बघवत नाहीत.

बघायची रीत सोपी आहे. गेम चालू ठेवायचा आणि कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबायचं. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स प्रत्येकी किती टक्के वापरात आहे ते दिसतं. मेमरी नव्वदच्या वर चिकटून असेल तर रॅम कमी आहे. डिस्क शंभरावर असेल तर जुनी हार्ड डिस्क दमली आहे. ग्राफिक्स शंभरावर आणि बाकी सगळं निवांत असेल, तरच कार्डाचा विषय काढायचा. तीन संध्याकाळी मुलाला हे आकडे वहीत लिहायला लावा. वही दाखवून मागितलेले पैसे द्यायला बापालाही जड जात नाही.

रॅमची गंमत अशी की मेमरीच्या त्याच पानावर किती खाचा भरल्यात तेही लिहिलेलं असतं. दोनपैकी एकच भरली असेल तर तेवढ्याच जीबीची दुसरी पट्टी लावा. वेगळं कार्ड नसलेल्या मशिनमध्ये चित्र काढायचं कामही याच मेमरीवर चालतं, आणि दोन पट्ट्या असल्या की येण्याजाण्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो. फक्त डीडीआर3च्या जागी डीडीआर4 बसत नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते. दाबून बसवायला जाल तर बोर्ड जाईल. 2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत, तेव्हा गेल्या वर्षी कुणी सांगितलेला भाव धरून बसू नका.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की मशिन चटकन सुरू होतं आणि गेममधला नवा भाग उघडताना लागणारा झटका कमी होतो. सेकंदाला शंभरेक एमबी वाचणारी डिस्क जाऊन पाचशेच्या आसपास वाचणारी येते. चित्रांचा वेग, म्हणजे मुलं ज्याला एफपीएस म्हणतात तो, मात्र तिने फारसा वाढत नाही. हे मुलाला आधीच सांगा, नाहीतर तो हिरमुसेल.

एक पैसाही न लागणारा उपाय म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन 1080 वरून 720 करणं. पडद्यावर 20 लाखांहून जास्त ठिपके रंगवण्याऐवजी मशिनला सव्वानऊ लाखच रंगवावे लागतात. चित्र थोडं भरड दिसतं, पण हलतं छान. दुसरा उपाय साफसफाईचा. आपल्याकडची तांबडी धूळ पंख्यात बसली की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून, मऊ ब्रशने धूळ काढा. पालीची अंडी आणि मुंग्यांची वारुळं मी अशा कॅबिनेटांत कितीदा पाहिली आहेत. पावसाळ्यात मशिन रोज अर्धा तास तरी चालू ठेवा, आतली ओल निघून जाते.

एवढं करूनही कार्डच लागणार असं वहीतून दिसलं, तर कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचा, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, वॅटचा आकडा वाचा. ऑफिसच्या या चपट्या डब्यांत तो बहुधा दोन-अडीचशे वॅटचा असतो आणि त्याची वायर कंपनीची खास असते, बाजारातला दुसरा सहज बसत नाही. अशा मशिनला बोर्डावरच्या खाचेतून मिळणाऱ्या 75 वॅटवर भागणारं, वेगळी वायर न मागणारं कार्डच चालतं. 2019 मध्ये आलेल्या जीटीएक्स 1650चे काही प्रकार तसे आहेत. चपट्या डब्यासाठी कमी उंचीचं, लो प्रोफाइल म्हणूनच मागा. जुनं कार्ड घेत असाल तर अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि आता जे कुणी विचारतच नाही ते, म्हणजे वीज. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्याकडे गावंच्या गावं किती दिवस काळोखात होती ते सगळ्यांना आठवतं. एरवीही पहिल्या आणि परतीच्या पावसात वीज जाते-येते, आणि येताना झटका देऊन येते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या हसण्यावारी नेऊ नका. घराला अर्थिंग नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, असा त्याचा अर्थ. आपला जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात चैत्र-वैशाखात पाणी घालत जा आणि वायरमनकडून एकदा तपासून घ्या. कार्डाआधी एक साधा 600 व्हीएचा यूपीएस घ्या. वीज गेली की दहा मिनिटांत सगळं नीट बंद करता येतं. गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा. माझं ऐकाल तर पहिला खर्च इथेच करा. पोराचा जीव कार्डाहून मोलाचा आहे.

पुष्कळदा तर दोष कॉम्प्युटरचा नसतोच. वाडीवर रेंजच धड नसते, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ऑनलाइन गेम चालतो आणि पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर यायला लागणारा वेळ, वाढतो. त्याला कुठलंही कार्ड औषध नाही. रोज दोन जीबी मिळणाऱ्या पॅकवर शंभर जीबीचा गेम उतरवायला पन्नास दिवस लागतील. म्हणून मुलं पेनड्राइव्हवरून चोरीचा गेम घेतात आणि त्याबरोबर व्हायरस. काउंटर-स्ट्राइक 2 आणि व्हॅलोरंट हे दोन्ही अधिकृतपणे फुकट मिळतात. चाकरमान्यांपैकी कुणाकडे मुंबईत चांगलं इंटरनेट असेल तर तिथे एसएसडीवर उतरवून आणायला सांगा.

विंडोज 10ला मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. घरातलं मशिन चौथ्या पिढीचं असेल तर त्यावर रॅम-एसएसडीपुरता खर्च करा आणि थांबा. महागडं कार्ड त्यात घालू नका, ते पैसे पुढच्या मशिनसाठी पोस्टात टाका.

दापोलीला, महाडला किंवा मुंबईला खरेदीला निघाल तेव्हा मुलाला बरोबर न्या. मशिनचा मॉडेल नंबर आणि एसएमपीएसवरचं लेबल फोनमध्ये फोटो काढून ठेवा. रॅमची जुनी पट्टी काढून जाड कागदाच्या पाकिटात घाला आणि त्याच्याच खिशात द्या. दुकानात ती काउंटरवर ठेवून त्यालाच बोलू द्या: "अशीच, एवढ्याच जीबीची, याच वेगाची द्या, आणि बिलावर गॅरंटी लिहा."